घराला पत्ता नाही, तरी घरच्या कॉम्प्युटरवर जायचं कसं?

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला डेस्कटॉप ठेवायला जागा नसते. उदगीरहून आलेला असो, परळीहून असो की वसमतहून, त्याचा कॉम्प्युटर गावाकडेच राहतो. त्याच मशीनमध्ये जमिनीच्या कागदांचे स्कॅन असतात, कॉलेजपासूनचं सगळं काम असतं, मोंढ्यात आडत असेल तर टॅलीचा डेटाही असतो. पीकविम्याच्या वेळी फेरफाराची प्रत हवी होते आणि ती असते घरच्या हार्ड डिस्कवर. मग घरी फोन जातो आणि सत्तरी गाठलेल्या वडिलांना फोनवरून फोल्डर शोधायला लावलं जातं. "डाव्या बाजूला बघा, पिवळं दिसायलंय का?" असं अर्धा तास चालतं.

हे टाळता येतं. त्याची एक जुनी, फुकट आणि भरवशाची पद्धत आहे, तिला रिव्हर्स टनेल म्हणतात. ती इथे समजावून सांगताना मी एकच कसोटी लावली आहे: एकदा बसवून दिल्यावर घरच्या माणसांना काहीही करावं लागता कामा नये. लाइट गेली, केबल तुटली, राउटर बंद पडला, तरी सगळं आपोआप पूर्ववत झालं पाहिजे.

अडचण कॉम्प्युटरची नाही, पत्त्याची आहे

इंटरनेटवर कुणाशी बोलायचं तर त्याचा आयपी पत्ता लागतो. सगळीकडे चालणारी जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिच्यात एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यातलेही बरेच राखीव. एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात चार-चार फोन आहेत, म्हणजे हे पत्ते पुरणार नव्हतेच. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. मराठवाड्यातल्या गावोगावी घराघरांत इंटरनेट पोचलं ते त्यानंतर. आपल्या वाट्याला स्वतंत्र पत्ता आला नाही तो यामुळे.

कंपन्यांनी यावर तोड काढली ती अशी: शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता द्यायचा आणि घरांना आतल्या आत खाजगी पत्ते वाटायचे. याला सीजीनॅट म्हणतात. यासाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारे सुमारे ४२ लाख पत्ते खास बाजूला काढून ठेवले गेले. आपलं घर यात येतं का, हे बघणं सोपं आहे. राउटरच्या पानावर, जे बहुतेक १९२.१६८.१.१ वर उघडतं, वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी काय दिसतो ते पाहायचं. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून तिथे दिसणारा आकडा ताडून बघायचा. दोन्ही आकडे वेगळे असतील, किंवा राउटरवरचा १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातल्या आकड्याने सुरू होत असेल, तर घर सीजीनॅटच्या मागे आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारं थेट आपल्या मशीनकडे वळवणं, लावायच्या ज्या जुन्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या इथे कामाच्या नाहीत. आपल्या राउटरच्या पुढे कंपनीचं यंत्र बसलेलं असतं आणि त्याच्यावर आपला हात चालत नाही. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्थिर आयपी देतात. मिळत असेल आणि परवडत असेल तर तोही एक मार्ग, पण प्रत्येक गावात तो मिळतो असं नाही.

आता यातली खरी गोष्ट. घरातून बाहेर जाणारं बोलणं कुणी अडवत नाही. आपण एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा कंपनीचं यंत्र स्वतःच्या वहीत नोंद करतं की अमुक पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारातून, गेलेली मागणी अमुक घराची आहे. उत्तर आलं की नोंद बघून ते त्या घरी पोचवतं. पण बाहेरून कुणी स्वतःहून आलं तर वहीत नोंदच नसते, मग ते आलेलं कुणाला द्यायचं हे यंत्राला कळत नाही आणि ते टाकून दिलं जातं. एखाद्या होस्टेलच्या फोनवरून बाहेर फोन लावता येतो, पण बाहेरून थेट आपल्या खोलीत फोन लागत नाही, तसं हे आहे. मग करायचं काय, तर खोलीतूनच फोन लावायचा आणि तो ठेवायचाच नाही. एकदा लाइन जोडली गेली की बोलणं दोन्हीकडून होतं, आधी कुणी लावला याला महत्त्व राहत नाही. रिव्हर्स टनेल म्हणजे एवढंच.

मधलं ठिकाण

घरच्या कॉम्प्युटरने 'फोन' लावायचा कुणाला? पुण्यात आपला लॅपटॉपही कुठल्या तरी वायफायच्या मागे असतो, त्यालाही पत्ता नसतो. म्हणून दोघांनाही पोचता येईल असं तिसरं ठिकाण लागतं, ज्याला स्वतःचा खरा आयपी आहे. महिन्याला काहीशे रुपयांत असा छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने मिळतो. तो घेताना जागा बघून घ्यावी: मुंबई किंवा बंगळुरू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून लातूर गाठायला त्याला मोजके मिलिसेकंद लागतात, वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला तरी काही दशक मिलिसेकंदांत काम होतं. सर्व्हर अमेरिकेत घेतला तर प्रत्येक कळ दाबल्यावर जाण्यायेण्यातच दोनशे मिलिसेकंदांहून जास्त जातात. अक्षर उमटायची वाट बघत काम करणं फार कंटाळवाणं होतं.

जोडणी करायचं साधन म्हणजे एसएसएच. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात तातू युलोनेन यांनी १९९५ साली ते लिहिलं. तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी लोकांचे पासवर्ड चोरून ऐकले होते, त्यावरचा हा उपाय होता. आधीची साधनं पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून पाठवत, एसएसएच सगळंच कुलूपबंद करून पाठवतं. आज सगळीकडे जी आवृत्ती चालते ती ओपनएसएसएच, १९९९ पासूनची. लिनक्समध्ये ती असतेच. विंडोज १० मध्येही २०१८ पासून क्लायंट, म्हणजे जोडणी लावणारा भाग, आधीच बसवलेला येतो, सर्व्हरचा, म्हणजे ती घेणारा, भाग मात्र सेटिंगमधून वेगळा जोडावा लागतो.

घरच्या मशीनवर चालवायची ओळ अशी वाचायची: एसएसएच -एन -आर २२२२:लोकलहोस्ट:२२ घर@सर्व्हर. टाइप रोमन अक्षरांत करायचं, एन आणि आर दोन्ही कॅपिटल. लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन. या ओळीतून घरचं मशीन सर्व्हरला सांगतं: तुझ्या २२२२ नंबरच्या पोर्टवर जे येईल ते या जोडणीतून माझ्याकडे पाठव, मी ते माझ्या २२ वर देतो. २२ म्हणजे घरच्या मशीनवर एसएसएच जिथे ऐकत बसलेलं असतं तो पोर्ट. एन म्हणजे सर्व्हरवर बाकी काही चालवायचं नाही, नुसती लाइन धरून ठेवायची.

पुण्याहून जाताना इथे एक बारीक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि तिथे बसून पुढे घरी एसएसएच करायचं, असंही करता येतं. पण मग आपण टाइप केलेलं सगळं सर्व्हरवर उघडं होतं आणि पुन्हा बंद होतं. सर्व्हरमध्ये कुणी शिरलेलं असेल तर त्याला ते वाचता येतं. त्याऐवजी कॅपिटल जे हा पर्याय वापरायचा, तो २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये आहे. त्याने लॅपटॉप सर्व्हरच्या आरपार थेट घरच्या मशीनशी बोलतो, कुलूप लॅपटॉपवर लागतं ते घरीच उघडतं. मधल्या सर्व्हरला फक्त बंद पाकिटं जाताना दिसतात. भाड्याचं मशीन शेवटी दुसऱ्याच्या खोलीत असतं, म्हणून मी या पद्धतीवर अडून बसतो.

याच कारणाने घरून निघण्याआधी एसएसएच जिच्यावरून मशीन ओळखतं त्या घरच्या मशीनच्या किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, कागदावर उतरवून घ्यायचा. पुण्यातून पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप तो ठसा दाखवून विचारतो की याच्यावर विश्वास ठेवायचा का. तेव्हा कागदाशी ताडून मगच 'हो' म्हणायचं. बहुतेक जण न बघता एंटर दाबतात, आणि मधे कुणी दुसरंच मशीन उभं केलेलं असेल तर पकडायची एकमेव संधी तिथेच जाते.

कवाड किती उघडायचं

सर्व्हरवरचा २२२२ हा पोर्ट मूळ सेटिंगनुसार फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसतो, बाहेरच्या जगाला नाही. हे उत्तम आहे, तसंच राहू द्यावं. गेटवेपोर्ट्स नावाचं सेटिंग 'हो' करा म्हणजे सोपं पडेल, असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. ते केलं की घरच्या कॉम्प्युटरचं लॉगिन अख्ख्या इंटरनेटसमोर येतं. उघडा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी पासवर्ड मारून बघत राहतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून पडदा दाखवणाऱ्या सोयीचा, ३३८९ हा पोर्ट तर अशा लोकांच्या यादीत सगळ्यात वर असतो. पडदा दिसायलाच हवा असेल तर एसएसएचच्या जोडणीतूनच तो ३३८९ लॅपटॉपवर आणता येतो, बाहेर काही उघडावं लागत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्याला आत घेणारा रिमोट डेस्कटॉप नसतो, हे आधीच माहीत असू द्या. तिथे व्हीएनसी हा पडदा दाखवणारा दुसरा प्रोग्राम वापरावा लागतो.

पासवर्डने लॉगिन दोन्हीकडे बंद करायचं आणि किल्ल्यांची जोडी वापरायची: गुप्त किल्ली जिथून जायचं त्या मशीनवर, तिची उघडी जोडीदार जिथे जायचं तिथे, एका ओळीत लिहिलेली. घरच्या मशीनला सर्व्हरवर जायची जी किल्ली द्यायची, तिला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, ठेवता येत नाही, कारण टाइप करायला तिथे कुणी नसणार. म्हणजे उद्या घरचा कॉम्प्युटर चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर ती किल्ली त्याच्यासोबत जाणार. म्हणून सर्व्हरवर या कामासाठी वेगळा वापरकर्ता करायचा आणि किल्लीच्या ओळीत लिहून ठेवायचं की हिने फक्त २२२२ वर ऐकायचं, बाकी काही करायचं नाही, शेलही, म्हणजे कमांड टाइप करायची जागाही, मिळणार नाही. मग ती किल्ली कुणाच्या हाती लागली तरी त्याला सर्व्हरवर काही करता येत नाही, आणि आपण पुण्यातून ती एक ओळ खोडून टाकू शकतो.

लाइन तुटते तेव्हा

पुस्तकी माहिती इथपर्यंत येऊन थांबते. आपल्याकडचं काम इथून पुढे सुरू होतं. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की लाइट जाते. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर उचकटतो. टनेल पहिल्याच दिवशी उभा राहतो, पण पंधरा दिवसांनी गरज पडते तेव्हा तो नसतो. का नसतो, ते नीट बघू.

पहिलं कारण म्हणजे शांतता. जोडणीवर काही वेळ कुणी काहीच बोललं नाही तर कंपनीचं यंत्र वहीतली नोंद खोडून टाकतं. दोन्ही टोकांना वाटत राहतं की लाइन चालू आहे, मधे मात्र ती नसते. यावर उपाय म्हणजे घरच्या बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० सेकंद ठेवायचा. दर अर्ध्या मिनिटाला घरचं मशीन 'आहेस का' म्हणून विचारतं. ओळीने तीनदा उत्तर आलं नाही तर दीड मिनिटात ते स्वतः जोडणी सोडून देतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. समजा घरची लाइट अचानक गेली. मशीन निरोप न घेता बंद पडलं. सर्व्हरला ते कळलेलं नाही, तो २२२२ हा पोर्ट जुन्या, मेलेल्या जोडणीसाठी धरून बसतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये अशी जोडणी मेली आहे हे लक्षात यायला दोन तासांहून जास्त लागू शकतात. इकडे लाइट दहा मिनिटांत परत येते, मशीन चालू होतं, नवी जोडणी लावतं आणि २२२२ मागतं. सर्व्हर म्हणतो, तो तर घेतलेला आहे. आणि एसएसएच काय करतं? एक इशारा छापतं आणि पोर्टशिवायच जोडलेलं राहतं. बाहेरून बघावं तर जोडणी जिवंत आहे, सगळं हिरवं आहे, पण तिच्यातून जाता काही येत नाही. ती तुटत नाही म्हणून पुन्हा लागतही नाही.

याला दोन्हीकडून आवर घालावा लागतो. घरच्या बाजूला एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर 'हो' करायचं, म्हणजे पोर्ट मिळाला नाही तर एसएसएच गप्प बसून न राहता बाहेर पडेल. सर्व्हरच्या बाजूला क्लायंटअलाइव्हइंटरव्हल लावायचं, म्हणजे मेलेली जोडणी दोन-एक मिनिटांत साफ होईल. आणि बाहेर पडलेल्या एसएसएचला पुन्हा उभं करायला सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या यंत्रणेत, त्याची सर्व्हिस करायची, रीस्टार्ट 'नेहमी' आणि प्रत्येक प्रयत्नात दहा-वीस सेकंदांचं अंतर. सिस्टिमडी पुरेसं हट्टी आहे, फक्त एक बघायचं: फार भराभर अपयश आलं तर ते प्रयत्न सोडून देतं, म्हणून ते अंतर ठेवणं गरजेचं. विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये 'सुरू होताना' आणि 'वापरकर्त्याने लॉगिन केलेलं नसलं तरी' हे दोन पर्याय निवडायचे. नाहीतर कुणीतरी येऊन घरच्या मशीनवर पासवर्ड टाकेपर्यंत टनेल सुरूच होणार नाही.

मशीन स्वतः चालू व्हायला हवं ते वेगळंच. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या विंडोज-लिनक्सच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, बहुतेक डेस्कटॉपवर ते 'बंदच राहा' असं असतं. ते 'चालू हो' करायचं. स्लीप बंद करायची. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा, किंवा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावायचा.

बिलाचाही विचार हवा. डेस्कटॉप नुसता चालू ठेवला आणि तो ७० वॅट खात असेल तर महिन्याला ५० युनिट होतात. एखादी फाइल महिन्यातून दोनदा लागते म्हणून घरच्यांवर एवढं बिल टाकणं मला पटत नाही. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड ५ वॅटवर धरला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास जातो. टनेल त्याच्यावर ठेवायचा, डेस्कटॉप बंद असू द्यायचा, आणि लागेल तेव्हा त्याच बोर्डवरून वेक-ऑन-लॅनचा संदेश पाठवून डेस्कटॉप उठवायचा. यासाठी डेस्कटॉप राउटरला वायरने जोडलेला असलेला बरा, वायफायवर हे भरवशाचं नाही.

दुसरे मार्ग

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हा या सगळ्यावरचा मूळ उपाय आहे. त्यात पत्त्यांची टंचाईच नाही. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर तो भरपूर चालतो आणि घरी फायबर असेल तर कदाचित आपल्या राउटरलाही मिळालेला असेल. पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं तरीही अडवते, आणि पुण्यातल्या ज्या वायफायवर आपण बसलो आहोत तिथेही तो असावा लागतो.

टेलस्केलसारखी सेवा वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या पद्धतीवर चालते आणि बसवायला फार सोपी आहे. दोन्ही मशीनवर बसवली, एकाच खात्याने लॉगिन केलं, की दोघं एकमेकांना दिसतात. शक्य तिथे थेट जोडते, नाहीतर स्वतःच्या मधल्या सर्व्हरमधून नेते. ज्याला भाड्याचा सर्व्हर सांभाळायचा नाही त्याने खुशाल हीच घ्यावी. तिच्या पोटातही तीच कल्पना आहे: दोन्ही मशीन आधी स्वतःहून बाहेर पडतात. फक्त मधलं ठिकाण दुसऱ्याच्या ताब्यात राहतं.

एनीडेस्क आणि तत्सम दुरून पडदा चालवायच्या ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तांत्रिकदृष्ट्या ती चांगली आहेत, पण फोनवर कोड वाचून दाखवायची सवय आपल्या आई-वडिलांना लावू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच ॲपच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेतून बोलतो म्हणून फोन येतो, ॲप टाकायला सांगतात, नऊ आकडी कोड विचारतात आणि खातं रिकामं होतं. पोरगा दर महिन्याला तोच कोड विचारत असेल तर त्या माणसांना दोन्हींतला फरक कसा कळणार? रिव्हर्स टनेलमध्ये घरच्यांना काहीच सांगावं लागत नाही, म्हणून त्यांना ठामपणे सांगता येतं की कॉम्प्युटरचा कुठलाही आकडा फोनवर कुणालाही द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही.

आणि एक सक्त सूचना. हीच ओळ ऑफिसच्या मशीनवरून चालवली तर कंपनीचं आतलं नेटवर्क बाहेर उघडं पडतं. हिंजवडी असो की वाळूज, कुठल्याही कंपनीत ही नोकरी जाण्याजोगी गोष्ट आहे आणि ते योग्यच आहे. आपलं मशीन, आपलं घर, तेवढ्यापुरतंच हे वापरायचं.

घरच्यांना मात्र सांगून ठेवायचं की पुण्यातून या कॉम्प्युटरवर येता येतं, आणि नको असेल तेव्हा कुठली पिन काढली की ते बंद होतं. मशीन त्यांच्याही वापरात असतं.

दिवाळीला गेल्यावर बसवलं तर निघायच्या आधी दोन दिवस हाताशी ठेवून परीक्षा घ्यायची. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून घरच्या मशीनवर जाऊन बघायचं. मग मीटरजवळचं मेन स्विच पाडायचं, पाच मिनिटांनी वर करायचं आणि कशालाही हात न लावता पुन्हा मोबाइलवरून जायचा प्रयत्न करायचा. मग फक्त राउटरची पिन काढून लावायची. मग सर्व्हर रीस्टार्ट करायचा. शेवटी रात्रभर काहीही न करता सकाळी पहिल्याच प्रयत्नात लागतं का ते बघायचं, कारण शांततेत तुटलेली जोडणी दिवसाच्या चाचणीत सापडत नाही. यातलं एक जरी अडलं तर एसटी दुसऱ्या दिवशीची पकडावी.